काळारामाचे चार दरवाजे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात आमचे व्याही आणि विहीणबाई नागपूरहून प्रथमच नाशिकला आले. पंचवटीत आयुष्य गेलेल्या माणसाच्या घरी पाहुणे आले की गंगेवर, म्हणजे गोदावरीवर, जाणे, रामकुंड, कपालेश्वर, सीतागुंफा आणि काळाराम हा क्रम ठरलेलाच असतो, आणि तो इतका अंगवळणी पडलेला असतो की आपण त्यांना नेमके काय दाखवतो आहोत याकडे आपलेच लक्ष नसते. या वेळी मात्र काळारामाच्या पूर्व महाद्वाराशी पोहोचल्यावर व्याह्यांनी चपला काढण्याआधीच विचारले, "सत्याग्रहाला माणसे बसली ती कोणत्या दाराशी?" त्यांनी लहानपणी वडिलांच्या तोंडून 'काळाराम' हा शब्द ऐकला होता तो देवळाचे नाव म्हणून नव्हे, तर सत्याग्रहाचे नाव म्हणून. मी म्हणालो, "चारही दारांशी." त्यावर ते म्हणाले, "मग चारही दाखवा." पुढच्या तासाभरात जे अनुभवाला आले, त्यासाठी हा पत्रप्रपंच.

अस्पृश्य मानल्या गेलेल्यांना मंदिरात प्रवेश मिळावा म्हणून २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली नाशकात हजारोंची मिरवणूक निघाली आणि ती मंदिराशी आली तेव्हा दरवाजे बंद होते. दुसऱ्या दिवसापासून प्रत्यक्ष धरणे सुरू झाले. पहिल्या तुकडीत १२५ पुरुष आणि २५ स्त्रिया होत्या आणि त्या तुकडीला चारही दरवाजांवर वाटून दिले होते. ९ एप्रिलला, रामरथाच्या मिरवणुकीच्या दिवशी, रथ ओढण्यावरून संघर्ष पेटला आणि दगडफेक झाली. स्थानिक पातळीवर भाऊराव ऊर्फ दादासाहेब गायकवाडांनी ज्याची धुरा वाहिली, तो हा लढा पुढे काही वर्षे चालला आणि आपल्याच जिल्ह्यातल्या येवल्यात १३ ऑक्टोबर १९३५ रोजी बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. शाळेत मुलांना हे सगळे मी तारखांसकट शिकवले आहे. त्या पंचवीस स्त्रिया नेमक्या कोणत्या दगडी पायरीसमोर उन्हात बसल्या असतील, हा विचार मात्र पस्तीस वर्षांच्या नोकरीत एकदाही माझ्या मनात आला नाही, हे कबूल करायला हवे.

महाद्वारातून आत जाणे सोपे होते. तेथून बाहेरच्या बाजूने दुसऱ्या दाराकडे वळल्यावर खरी परीक्षा सुरू झाली. भिंतीला लागून दुचाकींची रांग, त्या रांगेला चिकटून दुसरी रांग, आणि उरलेल्या हातभर जागेतून समोरून येणारी रिक्षा. विहीणबाईंचा पदर एका उभ्या मोटारसायकलच्या ब्रेकच्या दांडीत अडकला. तो सोडवताना त्यांचा तोल गेला आणि त्या भिंतीला टेकल्या म्हणून पडल्या नाहीत. व्याह्यांचे वय अठ्ठ्याहत्तर असून त्यांच्या हातात काठी असते. ती काठी टेकायची कोठे हाच प्रश्न होता, कारण दोन चाकांच्या मध्ये जी फट होती तीत पूजेच्या हारांचा ओला पाला साचलेला होता. एका दारासमोर ते थांबले, तेव्हा पायरीवर आडव्या लावलेल्या स्कूटरमुळे त्यांना चौकटीपर्यंत जाता आले नाही. त्यांनी लांबूनच हात जोडले. ते देवाला जोडले की त्या पायरीला, हे मी विचारले नाही.

एका रिक्षावाल्या दादांनी आम्हाला घोटाळताना पाहून आपुलकीने सांगितले, "काका, एवढं फिरू नका, दर्शन पाच मिनिटांत उरकतं." त्यांना बोल लावण्यात अर्थ नाही. दिवसाला पाच-सहा ठिकाणे दाखवून पाहुण्यांना परत बसस्थानकावर सोडायचे, तर पाच मिनिटेच वाट्याला येतात. पण ज्याच्या प्राकाराची भिंत जवळपास सतरा फूट उंच आहे, ज्याच्या सभामंडपात दहा-दहा खांबांच्या चार ओळी आहेत, जे अठराव्या शतकाच्या अखेरीस सरदार रंगराव ओढेकरांनी जुन्या लाकडी देवळाच्या जागी रामशेजच्या डोंगरातला काळा दगड आणून बांधले आणि ज्याच्या कामाला बारा वर्षे लागली असे सांगतात, ते देऊळ पाच मिनिटांत उरकते म्हणजे पाहणाऱ्याने ते पाहिलेलेच नसते. आत सभामंडपात बसलो तेव्हा हाताला गार लागणारा तो दगड व्याही बराच वेळ चाचपत होते. बाहेर हॉर्न वाजत होते आणि आत कोणीतरी हलक्या आवाजात रामरक्षा म्हणत होते. दोन्ही आवाज एकाच वेळी ऐकू येत होते, याची गंमत वाटण्याचे माझे वय आता राहिलेले नाही.

माझी मागणी मोठी नाही. काळाराम मंदिराच्या चारही दरवाजांसमोरची जागा आणि त्यांना जोडणाऱ्या गल्ल्या यांत किमान सकाळ-संध्याकाळच्या दर्शनाच्या वेळी वाहन उभे राहू नये आणि आत शिरू नये. बाहेरगावच्या गाड्या आणि रिक्षा पंचवटी कारंजापाशी किंवा मालेगाव स्टँडपाशी थांबाव्यात, आणि ज्यांना चालवत नाही त्यांच्यासाठी तेथून विजेवर चालणाऱ्या चार-सहा छोट्या गाड्या ठेवाव्यात, म्हणजे रिक्षावाल्यांनाही त्या चालवता येतील आणि त्यांची रोजी बुडणार नाही. प्रत्येक दाराशी, रंगीबेरंगी फलकांच्या गर्दीत हरवणार नाही अशा जागी, १९३० साली या दाराशी काय घडले ते मराठीत चार ओळींत लिहावे. पाहुण्याने विचारेपर्यंत ते आपल्याच पोटात ठेवण्याचे कारण नाही.

हे अशक्य आहे असे जे म्हणतील त्यांनी कामदा एकादशीची संध्याकाळ आठवावी. रामरथ आणि गरुडरथ निघतात त्या दिवशी याच गल्ल्यांमधून एकूण एक गाडी हलवली जाते, लोंबणाऱ्या तारा वर बांधल्या जातात, दुकानदार आपापल्या फळ्या आत ओढून घेतात, आणि कोणाचाही धंदा त्याने बुडाल्याचे ऐकिवात नाही. वर्षातून एकदा रथाला जी वाट मिळते, ती एरवी काठी टेकत येणाऱ्या माणसाला का मिळू नये?

शिवाय प्रश्न केवळ सोयीचा नाही. २७ ऑगस्ट २००३ रोजी सिंहस्थाच्या पर्वणीला येथून हाकेच्या अंतरावर, सरदार चौकाच्या उतारावर चेंगराचेंगरी होऊन तीसहून अधिक भाविकांचा जीव गेला. त्या दिवशी मी घरीच होतो आणि खालून वर येणारा तो आवाज मला आजही आठवतो. गल्ल्यांची रुंदी तेव्हा होती तेवढीच आजही आहे, वाहने तेवढी वाढली आहेत. पुढचा सिंहस्थ तोंडावर आला असून २०२७ साली मुख्य स्नाने होतील. रस्ते, पूल आणि घाट यांची कामे होतील ती होवोत. परंतु त्या नकाशांवर हात फिरवणाऱ्यांपैकी कोणीतरी एकदा सायंकाळी सातच्या सुमारास, गाडी लांब ठेवून, साठी ओलांडलेल्या एखाद्या माणसाला बरोबर घेऊन या चार दारांभोवती पायी फेरी मारावी, एवढीच विनंती आहे.

येथे एक गोष्ट लपवणे बरे नव्हे. विहीणबाईंचा पदर अडकला त्या रांगेत, तीन गाड्या सोडून, माझीही स्कूटर उभी होती. घरात जागा नाही म्हणून गेली अकरा वर्षे मी ती त्याच भिंतीला लावत आलो आहे, आणि आमच्या आळीतल्या बहुतेकांचे तेच आहे. रहिवाशांना पर्यायी जागा द्यावी लागेल, हे मान्य आहे. तोपर्यंत ती मी कारंजाजवळ ओळखीच्या एका दुकानामागे लावतो. घरापर्यंत चालायला सात मिनिटे लागतात, पावसात जरा जास्त.

व्याह्यांची चौथ्या दाराची फेरी राहिली आहे. चैत्रात, रथाला, पुन्हा येतो म्हणाले आहेत.

आपला,
एक निवृत्त शिक्षक,
पंचवटी, नाशिक