पेन घेण्याआधी निब बघ

आर्वी, जि. वर्धा
कोजागिरीचा दुसरा दिवस

चि. मृण्मयी,

अनेक आशीर्वाद.

तू मोबाईलवर पाठवलेलं पेनाचं चित्र पाहिलं. काळाभोर, सोनेरी कडी, अठरा कॅरेटची निब, मखमलीची डबी. पहिल्या बोनसमधून घेतो म्हणालीस. पैसे तुझे आहेत, त्यावर माझं काही म्हणणं नाही. पण "बाबा, चांगला आहे का?" असं विचारलंस आणि चित्रात टोपण दिसते, क्लिप दिसते, डबीचं अस्तरसुद्धा दिसते, फक्त निबेचं टोक दिसत नाही. लिहिणार तर त्यानेच आहेस.

फोनवर हे सांगून भागणार नाही म्हणून लिहायला बसलो. मध्येमध्ये पेन बदलत जाईन. अक्षर तेच, हात तोच, कागद तोच. फरक पडेल तो निबेचा. तुझी तू ताडून बघ.

इथवरचं हिरो ६१६ ने लिहिलं. तहसीलसमोर बसून मी जेवढी खरेदीखतं, बक्षीसपत्रं, हक्कसोडपत्रं लिहिली, ती बहुतेक याच चिनी पेनाने. निब जवळजवळ सगळी आत झाकलेली, टोक तेवढं बाहेर. ही घडण मूळची पार्कर ५१ ची. तो पेन १९४१ साली बाजारात आला. पार्करने झटकन वाळणारी शाई काढली होती, ती उघड्या निबेवरच वाळून बसायची, म्हणून त्यांनी निब आत नेली. आपल्याकडे मे महिन्यात या झाकणाचं मोल कळते. पक्षकाराला वडिलांचं नाव विचारावं, तो आठवून सांगेपर्यंत दुसऱ्या पेनाची निब कोरडी, आणि हिरो लगेच चालू. पुढे कार्बन लावून प्रती काढायचा रिवाज आला आणि शाईपेन टेबलावरून उठला. कार्बनमागे अक्षर उतरवायचं तर जोर द्यावा लागते, आणि जोर दिला की निबेची दोन पाती फाकतात. मग बॉलपेन आला, त्यानंतर टायपिंग, आता तर कॉम्प्युटर. मी पेन जमवायला लागलो ते त्यानंतरच, धंद्यात त्यांची गरज उरली नाही तेव्हा. तुझी आई अजून विचारते, "काहून इतके पेन जमवून राहिले? लिहिणार कोणाले?"

आता सोन्याचं. निब सोन्याची असो की पोलादाची, कागदाला ती लागतच नाही. अगदी टोकावर एका कठीण मिश्रधातूचा बारीक मणी जोडलेला असते, लिहितो तो मणी. पूर्वी त्यात इरिडियम, ऑस्मियम असायचं. आता बहुतेक रुथेनियम, टंगस्टन अशी मिश्रणं असतात. तरी स्वस्त निबांवर "इरिडियम पॉइंट" कोरलेलं असतेच, जुनं नाव सुटत नाही. मग सोनं कशाला? जुन्या शाया आम्लधर्मी होत्या, त्या काळच्या पोलादी निबा त्यांनी खाऊन जायच्या. सोन्याला काही होत नसे. आज चांगलं स्टेनलेस स्टील आहे, शायाही तेवढ्या कडक नाहीत. चौदा कॅरेटच्या निबेवर ५८५ असं कोरलेलं दिसते, म्हणजे साडेअठ्ठावन टक्के सोनं. अठराच्या निबेवर ७५०. कॅरेट वाढलं की लिखाण मऊ होते, असं दुकानदार छातीठोकपणे सांगतात. निब किती लवते ते पात्यांची लांबी, जाडी आणि खांद्याची घडण ठरवते. माझ्याकडे एक चौदा कॅरेटची निब आहे, खिळ्यासारखी टणक.

पेन बदलला. हा लॅमी सफारी, मीडियम निब. सफारी १९८० पासून निघते. जर्मन माणसाने पोरांसाठी काढलेला पेन, बोटं ठेवायला तिकोनी जागा, आणि निब नुसती पुढे ओढली की निघून येते, दुसरी बसवता येते. त्यामुळे एकाच पेनावर ईएफ (अतिबारीक), एफ (बारीक), एम (मीडियम) अशा निबा लावून बघायला याच्याइतका सोयीचा पेन नाही. आता हे शब्द बघ:

महाराष्ट्र, दृष्टी, वाङ्मय, ऱ्हस्व, कर्त्याच्या, शंभूराजे.

"ष्ट्र"चं पोट बुजलं की नाही? "ऱ्ह"चा तर गोळाच झाला. "शं"वरचा अनुस्वार शिरोरेषेला चिकटू पाहते. या निबेत खोट काही नाही, इंग्रजीत हीच फार सुरेख चालते. पण रोमन अक्षराला पोटात भरपूर जागा असते. आपल्या अक्षराला वर रेघ, रेघेवर मात्रा, वेलांटी, रफार, खाली उकार, आत जोडाक्षर. तेवढ्या जागेत जाड रेघ मावत नाही. मावायची तर अक्षर मोठं काढावं लागते, आणि तुझं अक्षर लहान आहे, ते बिघडवू नको.

आता पायलट मेट्रोपोलिटन, निब एफ, साधी पोलादी:

महाराष्ट्र, दृष्टी, वाङ्मय, ऱ्हस्व, कर्त्याच्या, शंभूराजे.

नीट बघ. दोन्ही ओळींत तुझा हात नाही, माझाच आहे, तरी दुसऱ्या ओळीत जोडाक्षराच्या आतलं सगळं दिसते. जपानी एफ म्हणजे युरोपातल्या ईएफच्या जवळपास. त्याचं कारण त्यांच्या लिपीत आहे. एका कांजी अक्षरात दहा-पंधरा रेघा सहज असतात, आणि त्या सगळ्या एका चौकटीत बसवायच्या. त्यांनी निबा बारीक केल्या स्वतःच्या गरजेने, पण त्या आपल्या अक्षरालाही फिट बसल्या. माझं तर मत असं, की मराठी लिहिणाऱ्याने पहिला पेन जपानीच घ्यावा. पायलट, प्लॅटिनम, सेलर, कोणताही. प्लॅटिनमचा प्रेपी तर काही शे रुपयांत मिळते आणि पाचशेच्या आत इतका सरळ लिहिणारा दुसरा मी पाहिला नाही.

पण तुझं एक वेगळं आहे, डावखुरेपण. तिसरीत असताना गुरुजी तुझ्या डाव्या हातातली पेन्सिल काढून उजव्यात द्यायचे आणि घरी येऊन तू पुन्हा डाव्यात घ्यायचीस. मी शाळेत जाऊन सांगितलं की राहू द्या, दस्ताला सही कोणत्या हाताने केली हे रजिस्ट्रारही विचारत नाही. मग तुला वही तिरपी ठेवून, हात ओळीच्या खाली ठेवून लिहायला शिकवलं. ती सवय अजून असेल तर फार चांगलं, ओल्या शाईवर हात फिरत नाही. राहिला प्रश्न निबेचा. उजवा हात निब मागे ओढत नेते, डावा पुढे ढकलत नेते. त्यातून आपली शिरोरेषा डावीकडून उजवीकडे, म्हणजे प्रत्येक शब्दाला तू निब कागदात ढकलणार. अतिबारीक सुईसारखं टोक तिथेच अडकते, कागदाचे तंतू उचलते, शाई फुटते. म्हणून जपानी ईएफ तुला नको. एफ घे, टोक गोल असलेली, आणि शाई थोडी सढळ सोडणारी.

याच कारणाने स्टबसुद्धा घेऊ नको, कितीही सुंदर दिसला तरी. स्टब म्हणजे टोक सपाट कापलेलं. उभी रेघ जाड, आडवी बारीक. इंग्रजी सही त्याने छान होते. आपल्याकडे मात्र काना जाडजूड आणि शिरोरेषा केसासारखी, म्हणजे घराच्या भिंती भक्कम आणि वर पन्हाळीचा पत्रा. याच्या उलट घडणीची एक निब असते, तिला आर्किटेक्ट म्हणतात. आडवी जाड, उभी बारीक. मी एक तशी घासून घेतली आहे. तिने शिरोरेषा अशी भरते की पोथीचं पान वाटते, पण ढकलायला ती स्टबपेक्षाही वाईट. तुझ्या आजोबांच्या शाळेत बरू होते. देवनागरीच्या बरूचं टोक रोमनच्या उलट्या बाजूला तिरपं कापायचे, हे त्यांनीच मला दाखवलं होतं.

ही पुढची चार वाक्यं रत्नमच्या पेनाने. राजमुंद्रीचा, एबोनाइटचा, ड्रॉपरने शाई भरायचा. रत्नम यांनी १९३२ मध्ये काम सुरू केलं, आणि त्यांचा पेन ग्रामोद्योग संघाच्या कुमारप्पांनी मगनवाडीत गांधीजींच्या हाती दिला. परदेशी पेनांना हा चांगला पर्याय आहे, अशा अर्थाचं पत्र गांधीजींनी त्यांना जुलै १९३५ मध्ये लिहिलं, ते आपल्या वर्ध्याहून. तुला आठवते का, मगन संग्रहालयात आपण चरखे बघत फिरलो होतो? त्याच आवारातून.

(चार वाक्यं कधीच संपली, पण हा पेन हातातून सुटत नाही.) एबोनाइट म्हणजे गंधक घालून कडक केलेलं रबर. हाताची ऊब त्यातून हळू आत जाते. ड्रॉपरच्या पेनात ही गोष्ट महत्त्वाची, कारण टाकी अर्धी रिकामी झाली की आतली हवा तापून फुगते आणि शाई निबेवाटे ढकलते, कागदावर टप्पकन डाग. एप्रिलपासून जूनपर्यंत मी हा पेन अर्ध्याच्या खाली जाऊच देत नाही. निबेखालची जीभ, म्हणजे टाकीतली शाई निबेकडे नेणारा भाग, तीही एबोनाइटची असली तर शाई धरून ठेवते, प्लास्टिकच्या जिभेवर ती आधी आधी घरंगळते. ऑफिसात एसी आहे म्हणतेस, तेव्हा तुला हा त्रास नाही. पण हा पेन पाठवत नाही. निब जाड आहे.

मालगुजारांच्या वाड्यातलं सामान विकायला काढलं तेव्हा मिळालेला पार्कर ५१ तू मागितलास. तोही देणार नाही, निदान अजून तरी. एरोमेट्रिक आहे, म्हणजे आतली पिशवी दाबून शाई भरायचा, १९४८ नंतरचा, आणि ती पारदर्शक पिशवी इतक्या वर्षांनंतरही शाई ओढते. धुताना कितीतरी वेळ निळं पाणी येत राहिलं. तो कोणाच्या हातात घासला गेला माहीत नाही, पण उजव्या हाताचा माणूस होता. मणी एका बाजूने झिजला आहे. माझ्या हाताला थोडं वळवून धरला की लोण्यासारखा चालते, तुझ्या हाताला कायम खरखरणार. जुना पेन घेताना हे बघावंच लागते, आधीच्या मालकाचा हात त्यात उरलेला असते.

तेव्हा अठरा कॅरेटचा तो पेन, चित्राखाली एम लिहिलं आहे तो, मला नको वाटते. पैसे कमी पडतात म्हणून नाही, जाड पडेल म्हणून. पायलटचा पोलादी एफ घे आणि सहा महिने वापर. त्यानंतरही सोनं हवंच असलं तर त्याच कंपनीची चौदा कॅरेटची एफ घे, मी उरलेले पैसे घालतो. आईला सांगू नको.

पेन आला की आधी कोमट पाण्याने धू, कारखान्याचं तेल राहते. आरओचं पाणी घे. आपल्या बोअरसारखं जड पाणी असलं तर जिभेच्या बारीक नळ्यांत क्षार बसतात. मग भिंगातून टोक समोरून बघ. दोन्ही पाती एका पातळीत हवीत, मधली चीर वरून खालपर्यंत दिसायला हवी. एक पातं वर असलं तर घासू नको, परत कर. घोटलेल्या टोकाचीही एक खोड असते: गुळगुळीत वाटते, पण अक्षराची पहिली रेघ उमटतच नाही, कारण मधल्या कडा जास्त घासल्या गेल्या. असा पेनही परत. शाई कॅमलची रॉयल ब्लू चालेल, पहिल्यांदा महागडी नको, आणि चकाकी असलेली तर मुळीच नको.

जोर देऊ नको. बॉलपेनची सवय दोन आठवडे त्रास देईल.

कागदाचं मात्र तिकडे तुलाच बघावं लागेल. इथल्या वह्यांवर शाई फुटते, दोन्ही बाजूंनी लिहिता येत नाही. दिवाळीला येताना पुण्याहून जाड, गुळगुळीत कागदाच्या दोन वह्या आण, रेघा नसलेल्या. आणि त्याआधी एक कर: आता तुझ्याजवळ जो पेन असेल त्याने, नेहमीच्या वेगाने, वर लिहिलेले सहा शब्द एका कोऱ्या कागदावर लिही आणि पोस्टाने पाठव, मोबाईलवर फोटो नको. कागद कुठे दबला ते मला बोटाने बघायचं आहे.

आईचा आशीर्वाद. ती म्हणते, पत्राचं उत्तर येईपर्यंत पेनाची ऑर्डर देऊ नको, आणि फराळात अनारसे हवेत की नाही ते आत्ताच कळव, तांदूळ भिजवावे लागतात.

तुझा,
बाबा