जलपर्णी काढायची ती ऑक्टोबरात, मार्चमध्ये नव्हे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मार्च उजाडला की कृष्णेच्या पात्रात जलपर्णीचा हिरवा थर पसरतो, वर्तमानपत्रांतून त्याची छायाचित्रे येतात, नागरिक निवेदने देतात, मग निविदा निघते, यंत्रे नदीत उतरतात, आणि जूनमध्ये बंधाऱ्यांचे बरगे (पाणी अडवणाऱ्या फळ्या) काढून पहिला लोंढा आला की उरलेसुरले सगळे म्हैसाळच्या पुढे कर्नाटकात वाहून जाते. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. कृषी खात्यात कृषी सहायक म्हणून नोकरी करून मी निवृत्त झालो आहे. तणांशी माझा संबंध पोटापाण्याच्या कामातून आला आणि त्या जोरावर एक गोष्ट आग्रहाने मांडावीशी वाटते. परक्या मुलखातून येऊन आपल्याकडे बेसुमार माजलेल्या वनस्पतींवर आपल्या जिल्ह्यात खर्च होत नाही, असे मुळीच नाही. तो खर्च चुकीच्या महिन्यात होतो, आणि म्हणून वाया जातो.

जलपर्णी मूळची दक्षिण अमेरिकेतील ॲमेझॉन खोऱ्यातली. तिच्या देखण्या जांभळट फुलांच्या हौसेपोटी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती बंगालमध्ये आणली गेली आणि तिथून देशभर पसरली. एखादे रोप पाण्यातून उचलून हातात घेतले म्हणजे तिच्या वाढीचे गमक कळते. पानाचा देठ बुडाशी फुगीर आणि आतून सच्छिद्र असतो, त्यामुळे रोप तरंगते; खाली काळपट, तंतुमय मुळांचा झुबका लोंबत असतो; आणि बुडातून आडवे धुमारे फुटून प्रत्येकाच्या टोकाशी नवे रोप धरते. धुमारा तुटला की ते रोप सुटे होऊन प्रवाहाबरोबर पुढचा डोह गाठते. अनुकूल पाण्यात दोन आठवड्यांच्या आत रोपांची संख्या दुप्पट होऊ शकते. ऑक्टोबरअखेर एखाद्या डोहात शंभर रोपे असली आणि दर पंधरवड्याला ती दुप्पट झाली, तर मार्चअखेर कागदावरचा आकडा एक लाखाच्या वर जातो. थंडीत वाढ मंदावते, म्हणून प्रत्यक्षातला आकडा याहून बराच कमी धरावा; तरीही शंभर रोपे दोन-चार माणसे एका सकाळी हाताने उचलून टाकतील आणि मार्चमधल्या थराला पोकलेन लागेल, हा फरक उरतोच.

बरगे चढवल्यावर बंधाऱ्यामागचे पाणी संथ होते आणि काठालगतच्या लवणात, ओढ्यांच्या तोंडाशी, उपसा योजनांच्या जॅकवेलजवळ (जिथून नदीचे पाणी उपसतात त्या विहिरीजवळ) ही रोपे प्रथम जमतात. या जागा दरवर्षी बहुतेक त्याच असतात आणि त्या नावाड्यांना व मच्छीमारांना तोंडपाठ आहेत. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये तेवढ्या जागा दर आठवड्याला वेचल्या तर मार्चमध्ये निविदा काढण्याची वेळच येऊ नये. शिवाय उशीर केला की फुलोरा येतो, बी धरते आणि ते तळच्या गाळात जाऊन बसते. हे बी वीस वर्षांपर्यंत जिवंत राहू शकते. म्हणजे फुलल्यानंतर केलेली सफाई आपल्या नातवंडांसाठी काम शिल्लक ठेवणारी असते.

इथे निविदेतील एका अटीकडे लक्ष वेधणे भाग आहे. जलपर्णीच्या वजनात नव्वद टक्क्यांहून अधिक पाणीच असते. काढलेल्या मालाच्या टनावर किंवा यंत्राच्या तासांवर बिल निघत असेल तर ठेकेदाराला थर दाट असणेच सोयीचे, आणि आपण मुख्यतः पाण्याच्या वाहतुकीचे पैसे मोजणार, हे उघड आहे. काढलेले ढीग काठावरच ओले टाकून ठेवलेले आणि वळवाच्या पावसात पुन्हा नदीत घसरलेले मी पाहिले आहेत. ते कोणत्या गावचे, हे सांगून कोणाला उणे दाखवण्याचा हेतू नाही. ठेका किमान तीन वर्षांचा असावा, ऑक्टोबरात सुरू व्हावा, आणि नेमून दिलेला पट्टा महिन्याच्या शेवटी मोकळा दिसला तरच त्या महिन्याचे पैसे मिळावेत. फुलोऱ्यापूर्वी काढलेल्या जलपर्णीचे कंपोस्ट उत्तम होते, तेव्हा ढीग काठापासून दूर नेण्याची अट घातली तर ऊस-हळदीच्या शेतकऱ्यांना खतही मिळेल. मात्र नदीत सांडपाणी पडणे चालू आहे तोवर जलपर्णीला नत्र आणि स्फुरद आयते मिळत राहणार. शहराचे सांडपाणी कृष्णेत आणणाऱ्या शेरीनाल्याचा प्रश्न सांगलीकरांना नव्याने सांगायला नको.

भुंगेऱ्यांचा उपाय अनेक जण सुचवतात. जलपर्णीची पाने खाणारे दक्षिण अमेरिकी सोंडे १९८३ च्या सुमारास चाचण्यांनंतर भारतात आणले गेले आणि काही तलावांत त्यांनी चांगले काम केले. परंतु त्यांची संख्या वाढून परिणाम दिसायला दोन-तीन वर्षे लागतात आणि कृष्णेसारख्या नदीत दर पावसाळ्यात जलपर्णीबरोबर तेही वाहून जाणार. बंदिस्त गावतळ्यांत ते जरूर सोडावेत; नदीसाठी त्यांच्यावर विसंबू नये, असे माझे मत आहे.

गाजर गवताची गोष्ट महिन्याच्या बाबतीत याहूनही सरळ आहे. मेक्सिको व आसपासच्या प्रदेशातले हे तण १९५० च्या दशकाच्या मध्यात पुण्यात नोंदले गेले, आणि आयात गव्हाबरोबर आले असे सर्वसाधारणपणे मानले जाते. आज बांध, गायरान, रेल्वेचा कड, कालव्याचा भराव, अर्धवट राहिलेले प्लॉट अशी एकही मोकळी जागा त्याने सोडलेली नाही. ताकारी, टेंभू आणि म्हैसाळ योजनांचे पाणी दुष्काळी तालुक्यांत पोचले ही आनंदाचीच बाब आहे. पण पाण्याबरोबर तणाचे बीही पुढे सरकते, हे कालव्याकाठच्या कोणत्याही शेतकऱ्याला विचारावे. एक झाड दहा हजारांहून अधिक बिया देऊ शकते. परागकणांनी दमा उठतो, आणि उघड्या हातांनी उपटणाऱ्या मजूर बायकांच्या मनगटांवर जे चट्टे उठतात ते वर्षानुवर्षे जात नाहीत.

पहिल्या पावसाबरोबर जूनमध्ये याची रोपे उगवतात आणि महिना-दीड महिन्यात फुलू लागतात. गाजर गवत निर्मूलन सप्ताह देशभर साजरा होतो तो १६ ते २२ ऑगस्टला. आपल्याकडे तोवर पहिल्या पावसाची रोपे पांढऱ्या फुलांनी भरलेली असतात. त्यात शाळेतील मुलांना हातमोजे न देता उपटायला लावायचे, ढिगाशेजारी छायाचित्र काढायचे आणि तो ढीग तिथेच सोडायचा, हा प्रकार तर ताबडतोब थांबला पाहिजे, कारण त्यातून बी पसरते आणि मुलांच्या अंगावर पुरळ उठते. सांगली जिल्ह्यापुरते तरी हे काम जूनचा शेवटचा आठवडा ते जुलैअखेर एवढ्या काळात, ओल असताना मुळासकट उपटून, हातमोजे व तोंडाला फडके देऊन, मजुरी देऊन करावे. फुलण्याआधी उपटलेले गवत खड्ड्यात कुजवता येते. फुललेल्या गवताचे खत म्हणजे शेतात बी पेरणेच.

१९८४ मध्ये भारतात सोडलेले मेक्सिकन भुंगे याच दिवसांत जमिनीतून वर येतात. पिवळसर पाठीवर तपकिरी रेघा असलेला हा किडा आणि त्याच्या अळ्या कोवळी पाने खाऊन झाडाचा नुसता सापळा ठेवतात. असे भुंगे दिसले तर त्या जागी तणनाशक मारू नये, कारण खाद्य संपले की ते टिकत नाहीत. आणखी एक सूचना. पडीक जागेवरच्या गाजर गवतावर मिठाचे दाट द्रावण फवारावे, अशी शिफारस अनेक पत्रकांतून दिसते. वाळवा, पलूस, मिरज तालुक्यांत कृष्णाकाठची जमीन आधीच क्षारपड होऊन चालली असताना तिथे मीठ ओतण्याचा सल्ला कोणी देऊ नये.

जत, आटपाडी, कवठेमहांकाळ भागात वेडी बाभूळ हा वेगळाच पेच आहे. तिच्या शेंगा गोड. शेळ्या आणि माडग्याळ मेंढ्या त्या आवडीने खातात, बी पोटातून न पचता बाहेर पडते आणि कळप जिथे बसेल तिथे रुजते. वरून तोडली तर बुंध्यातून दहा फांद्या फुटतात, म्हणून तोडणी हे तिच्यावर औषध नव्हे. बुंधा मुळासह काढावा लागतो आणि पुढची दोन-तीन वर्षे उगवणारी रोपे उपटावी लागतात. परंतु या भागातील अनेक घरांची चूल याच लाकडावर पेटते आणि कोळसा पाडणाऱ्यांचे पोटही त्यावर आहे. एका फटक्यात सगळी वेडी बाभूळ काढण्याची भाषा ज्यांना जळण विकत घेणे परवडते त्यांनी करू नये. आधी ओढ्या-नाल्यांची पात्रे, पाझर तलावांची पोटे आणि कुरणे मोकळी करावीत, तिथे पवना, डोंगरी यांसारखी गवते लावावीत, आणि बाकीचे टप्प्याटप्प्याने करावे. तामिळनाडूने २०२२ मध्ये आक्रमक वनस्पतींबाबत स्वतंत्र धोरण जाहीर केले; महाराष्ट्रानेही ते करायला हरकत नाही.

डोंगरांवरच्या घाणेरी आणि रानमोडीबद्दल थोडक्यात लिहितो. घाणेरी खाल्लेल्या जनावरांना कावीळ होते आणि उन्हात त्यांची कातडी सोलवटते, हे शिराळ्याच्या पशुपालकांना ठाऊक आहे. तिचे बुंधे जमिनीखाली काही इंचांवर मूळखोडाशी तोडून झुडूप उलटे ठेवले तर पुन्हा फूट येत नाही. दिल्ली विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी घालून दिलेली ही पद्धत कॉर्बेटसारख्या जंगलांत वापरली गेली आहे आणि तिला विळा-कुदळीपलीकडे काही लागत नाही. उजाड टेकड्या लवकर हिरव्या दिसाव्यात म्हणून गिरिपुष्प आणि सुबाभूळ लावण्याची सवय मात्र रोपवाटिकेतच मोडली पाहिजे. करंज, हिवर, पळस, बोर, आपटा यांची रोपे वाढायला वेळ घेतात, हे कारण सांगून परकी झाडे किती वर्षे लावायची?

परकी म्हणून कोणतीही वनस्पती वाईट, असे मी म्हणत नाही. तासगावची द्राक्षे, मका, भुईमूग, मिरची ही सारी बाहेरूनच आली आणि आपण त्यांच्यावर जगतो. पण ती माणसाने पेरल्याशिवाय पसरत नाहीत. न पेरता पसरणाऱ्यांची संख्या जगभर वाढते आहे. जैवविविधतेवरील आंतरशासकीय मंचाच्या २०२३ च्या अहवालानुसार माणसाने नव्या प्रदेशांत पोचवलेल्या प्रजाती ३७ हजारांहून अधिक आहेत आणि त्यांतल्या साडेतीन हजारांहून अधिक अपायकारक ठरल्या आहेत. त्यांत कीटक आणि मासेही आले. अमेरिकन लष्करी अळी २०१८ मध्ये कर्नाटकात आढळली आणि त्याच वर्षी सोलापूर-सांगलीच्या मका व उसावर पोचली. बंदी असलेला आफ्रिकन मांगूर शेततळ्यात वाढवणाऱ्यांनी २०१९ आणि २०२१ चे महापूर आठवावेत. अशा पुरात तळ्यातला मासा नदीत जायला वेळ लागत नाही.

हे सगळे आपल्या आवाक्याबाहेरचे आहे, असे मानणाऱ्यांना २००२ सालचा उसावरचा लोकरी मावा (पानांतला रस शोषणारी कीड) आठवत असेल. तो परदेशी नव्हता, ईशान्य भारतात पूर्वीपासून होता; पण महाराष्ट्रात त्याचा उद्रेक प्रथम आपल्या जिल्ह्यातल्या उसावर झाला. उंच वाढलेल्या फडात फवारणी पोचेना आणि पाने काळी पडत चालली, तेव्हा डिफा आणि मायक्रोमस या मित्रकीटकांनी तो आटोक्यात आणला. मित्रकीटकांच्या अळ्या व कोष असलेली पाने एका फडातून दुसऱ्या फडात नेऊन बांधण्याचे काम तेव्हा आम्ही शेतकऱ्यांबरोबर केले आहे. ते साधले, कारण प्रत्येक गावात दर आठवड्याला कोणीतरी पान उलटून पाहत होते आणि त्याची नोंद ठेवत होते.

ती नोंद ठेवण्याची जागा आज कायद्यानेच दिलेली आहे. २००२ च्या जैविक विविधता कायद्याखाली प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही असणे अपेक्षित आहे. या नोंदवहीत गावातील औषधी वनस्पतींची यादी असते. तिला जोडून कोणत्या ओढ्यात, कोणत्या गटात, कोणते परके तण, ते कधी फुलते आणि शेवटचे कधी काढले, असे एक पान ठेवायला वेगळा निधी लागत नाही. वन्यजीव कायद्यातील २०२२ च्या दुरुस्तीने परकीय आक्रमक प्रजातींच्या आयातीचे, व्यापाराचे आणि प्रसाराचे नियमन करण्याचा अधिकार केंद्राला मिळाला, पण बांधावरचे गवत दिल्लीहून कोणी उपटायला येणार नाही. मजुरीसाठी रोजगार हमीचा आधार आहेच, आणि ज्या योजनेची कल्पना वि. स. पागे यांनी आपल्याच तासगाव तालुक्यात प्रथम राबवून पाहिली, तिच्या कामांच्या आराखड्यात तण-निर्मूलनाचे दोन महिने बसवायला सांगली जिल्ह्याला कोणाकडून शिकावे लागू नये.

पावसाळा संपल्यावर कृष्णेवरचे बरगे चढतील. जलपर्णीच्या पुढील ठेक्याचा मसुदा त्यापूर्वी नागरिकांच्या माहितीसाठी प्रसिद्ध करावा, त्यात कामाची सुरुवात ऑक्टोबरपासून धरावी आणि टनांऐवजी मोकळ्या पात्रावर बिल देण्याची अट घालावी, अशी जिल्हा प्रशासन, पाटबंधारे खाते आणि नदीकाठच्या सर्व स्थानिक संस्थांना आपल्या वृत्तपत्राद्वारे विनंती करतो.

आपला,
एक निवृत्त कृषी सहायक
पलूस, जि. सांगली