दादा, त्या सीएसव्हीच्या मॅक्रोसाठी मनापासून थँक्यू

दादा,

त्या रात्री फोनवर घाईघाईत नुसतं थँक्यू म्हटलं आणि ठेवून दिला, ते मनाला लागून राहिलंय, म्हणून आज सगळ्यांसमोर नीट लिहितेय. नाव घेत नाही, तुम्हाला आवडणार नाही.

माझा मॅक्रो, म्हणजे एक्सेलमधलं काम आपोआप करणारा छोटा कोड, सीएसव्हीची (स्वल्पविरामांनी कॉलम वेगळे केलेल्या साध्या टेक्स्ट फाइलची) एकेक ओळ वाचायचा, स्वल्पविरामावर तोडायचा आणि एकेका सेलमध्ये लिहायचा. छोट्या फाइलवर मस्त चालायचा, पण ही फाइल 60 हजार ओळींची, 14 कॉलम, आणि दरवेळी 32,767 व्या ओळीच्या पुढे जायचं म्हटलं की ओव्हरफ्लोचा, म्हणजे आकडा मावत नाही असा, एरर! मी दोन दिवस फाइलमध्येच खोट शोधत बसले. तुम्ही पहिलंच विचारलंत, ओळी मोजणारा काउंटर इंटिजर प्रकारचा आहे का गं, तो तिथवरच जातो, मोठे आकडे मावणारा लाँग कर. एवढंच होतं ते.

मग म्हणालात, शीटमध्ये 8 लाख 40 हजार वेळा कशाला जातेस, सगळं आधी अ‍ॅरेत (मेमरीतल्या तक्त्यात) भर, रेंज (शीटमधला सेलचा पट्टा) तेवढीच रिसाइझ कर आणि एकदाच ओत. दहा-बारा मिनिटं हँग होणारं एक्सेल, डोळ्यांदेखत काही सेकंदात शीट भरली, खरंच विश्वास बसेना.

पण खरे उपकार पुढचे आहेत. माझ्या लेखी काम झालं होतं. तुम्हीच म्हणालात, थांब, तारखा बघ. 05/11/2023 म्हणजे फाइलमध्ये 5 नोव्हेंबर, शीटमध्ये चक्क 11 मे झाली होती! मॅक्रोमधून तारीख टेक्स्ट म्हणून लिहिली की एक्सेल महिना आधी धरतं, आणि 25/11 सारख्या तारखा उलटत नाहीत कारण 25 वा महिनाच नसतो, त्यामुळे वरवर बघितलं तर सगळं बरोबर वाटतं. एरर नाही, काही नाही. असाच रिपोर्ट पुढे गेला असता तर, या विचारानेच पोटात गोळा आला. मग दिवस, महिना, वर्ष वेगळं काढून डेटसिरियल या फंक्शनने तारीख बनवायला तुम्ही शिकवलंत, कोड तयार करून न देता माझ्याकडूनच लिहून घेतलात, याचं मला जास्त वाटतं.

00457 चं 457 होत होतं तेही सुटलं, कॉलमला टेक्स्ट फॉरमॅट डेटा लिहायच्या आधीच द्यायचा, नंतर दिला तर गेलेली शून्यं परत येत नाहीत. हे मी कोडमध्ये कॉमेंट म्हणून लिहून ठेवलंय.

तुम्ही आता आमच्या टीममध्येही नाही, तरी रात्री साडेदहाला दीड तास दिलात आणि एकदाही वैतागला नाहीत.

आता पुढच्या फाइलमध्ये पत्त्याचा कॉलम येणार आहे, कोट्सच्या आत स्वल्पविराम असलेला, तिथे माझा स्प्लिट (स्वल्पविरामावर तोडणं) फुटणार हे कळतंय. आधी स्वतः प्रयत्न करते, नाही जमलं तर शनिवारी फोन करू ना?