सायली, तो अर्ज मी अजून दिलेला नाही

नाशिक, शनिवार रात्र

चि. सायलीस,
अनेक आशीर्वाद.

तू आणि मम्मी झोपलात. मी स्वयंपाकघरातला दिवा लावून लिहायला बसलोय. समोरासमोर बोलायला गेलो की माझा आवाज चढतो आणि तू गप्प होतेस, म्हणून पत्र.

सकाळी मी पुण्यातल्या तुझ्या होस्टेलच्या ऑफिसला फोन लावला आणि तळमजल्यावर खोली मिळेल का विचारायला लागलो. तू माझ्या हातातून फोन काढून घेतलास. म्हणालीस, "पप्पा, मला काही झालेलं नाहीये. पहिल्याच दिवशी पायाचं रडगाणं घेऊन मी तिथं जाणार नाही." मग दिवसभर अबोला. मला राग नाही आला गं. "काही झालेलं नाहीये" हे वाक्य तू कुठून शिकलीस, ते आठवत बसलो होतो. ते तू माझ्याकडूनच शिकलीस.

तुला पांडवलेणी आठवत असेल. तू सहावीत होतीस, दिवाळीची सुट्टी होती, माझ्या कंपनीतली दोन-तीन कुटुंबं बरोबर होती. लेणी बघून पायऱ्या उतरताना तुझा डावा पाय तिसऱ्यांदा वळला. मी सगळ्यांदेखत ओरडलो, "डोळे कुठं आहेत तुझे? बघून चाल ना जरा." तू घोटा धरून पायरीवर बसलीस, पण रडली नाहीस. मग उठून कठड्याला धरत एकेक पायरी उतरत राहिलीस, आणि मी गप्पा मारत पुढं चालत होतो. पार्किंगला पोचेपर्यंत एकदाही मागं वळून पाहिलं नाही. रात्री घोटा टम्म फुगला तेव्हा आंबेहळदीचा लेप लावला, आणि दुसऱ्या दिवशी तुला पाय ओढून बसवणाऱ्या एका माणसाकडे नेलं. त्यानं असा हिसका दिला की तू मम्मीचा पदर दातात धरलास. तीन आठवडे लंगडत होतीस. सुजलेला घोटा कुणाच्या हाती ओढायला द्यायचा नसतो, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. पण तुझा चेहरा तर मला दिसत होता.

त्यानंतर किती वेळा पाय मुरगळला याचा हिशेब नाही. दर वेळी एक्स-रे, दर वेळी तेच उत्तर, "हाड शाबूत आहे, काही नाही." आपण त्यातलं शेवटचं तेवढं ऐकलं. एक्स-रेत हाड दिसतं, हाडाला हाड बांधून ठेवणारे लिगामेंट दिसत नाहीत. मी सव्वीस वर्षं सातपूरला मेंटेनन्समध्ये आहे. मशिन आवाज करतंय अशी ऑपरेटरनं तक्रार केली, तर "बॉडीला तडा नाही, चालू दे" असं मी आजवर कुणाला म्हणालेलो नाही. आधी मशिन बंद करतो, शाफ्टला हात लावून हलवून बघतो. तुझ्या घोट्याला मात्र तसा हात कधी लावला नाही.

आणि मग ती विसर्जन मिरवणूक. तू अकरावीत, पथकातलं दुसरं वर्ष. वाकडी बारवेपासून तुमचं पथक दुपारीच निघालं होतं. मी धुमाळ पॉइंटला फुटपाथवर उभा होतो. तू रांगेतून बाहेर आलीस, ढोल दुसऱ्या मुलीच्या कमरेला बांधलास आणि एका बंद दुकानाच्या पायरीवर बसून बुटाची नाडी सोडलीस. मी जवळ आलो तेव्हा मोजा निम्मा खाली होता. मोज्याच्या विणीचे बारीक चौकोन घोट्यावर उमटले होते, आणि बाहेरच्या हाडाखालचा खळगा भरून येऊन तिथं गुळगुळीत उंचवटा झाला होता. मी अंगठ्यानं दाबलं. अंगठा उचलला तरी खड्डा तसाच राहिला. तू लगेच मोजा वर ओढलास, हसलीस आणि म्हणालीस, "काही नाही पप्पा, बूट चावतोय." नाडी करकचून आवळलीस आणि परत रांगेत गेलीस. ते खोटं आहे हे मला कळलं होतं. तरी मी गप्प बसलो, कारण ते खरं मानणं मला सोयीचं होतं. ही गोष्ट मी मम्मीलाही सांगितलेली नाही.

त्या हिवाळ्यात आपण फिजिओथेरपिस्ट मॅडमकडे गेलो, तेव्हा त्यांनी आधी पायाकडे पाहिलंच नाही. म्हणाल्या, अंगठा मनगटाकडे वाकव. तुझा अंगठा सरळ हाताला टेकला. करंगळी मागं नेली तर ती काटकोनाच्याही पलीकडे गेली. कोपर आणि गुडघे उलट्या बाजूला वाकले. या तपासणीला बायटन स्कोअर म्हणतात, एकूण ९ गुण. मोठ्या माणसाला ५ आणि पन्नाशीनंतर ४ मिळाले, तरी सांधे गरजेपेक्षा जास्त सैल मानतात. तुला ७ मिळाले. मग मॅडमनी मला विचारलं, "तुमचा अंगठा बघू?" माझाही टेकला, दोन्ही हातांचा. बावन्न वर्षांच्या माणसाला त्या दिवशी कळलं की घरात हे कुठून आलंय. तुझी आजी फुगडी घालायला लागली की तिचं मनगट सरकायचं. बायका हसायच्या, तीही हसायची आणि रात्री हाताला फडकं बांधून झोपायची. आम्हाला ती गंमत वाटायची.

पुढं मोठ्या डॉक्टरांनी त्वचा बघितली, हृदयाची इको करायला लावली, घरातल्या सगळ्यांची चौकशी केली. सांधे सैल करणाऱ्या एहलर्स-डॅनलॉस नावाच्या आजाराचे २०१७ च्या वर्गीकरणात १३ प्रकार आहेत आणि त्यातल्या एकात रक्तवाहिन्या नाजूक असतात, म्हणून ते सगळं तपासणं गरजेचं होतं. तुझं त्यात बसलं नाही. तुझ्या कागदावर लिहिलंय, हायपरमोबिलिटी स्पेक्ट्रम डिसऑर्डर, म्हणजे सांधे गरजेपेक्षा जास्त सैल असल्यानं होणारा त्रास. नाव लांबलचक आहे, पण ते कागदावर आलं त्या रात्री तू पहिल्यांदा माझ्यासमोर रडलीस. म्हणालीस, "म्हणजे मी वेंधळी नाहीये ना?"

मला हे माझ्या कामाच्या भाषेत समजलं, ते तुला सांगतो. बेअरिंगमध्ये प्ले आला, म्हणजे ते ढिलं पडलं, की शाफ्ट जागेवर राहत नाही, थरथरतो. घोट्याच्या बाहेरच्या बाजूला जे लिगामेंट असतात, ते पाय आत वळायला लागला की त्याला अडवतात. तुझे मुळात ढिले आणि वरचेवर ताणले गेलेले, त्यामुळे ते उशिरा अडवतात. दुसरं म्हणजे पाय कुठल्या कोनात आहे याची खबर सांध्याकडून मेंदूला जाते, तीही तुझ्याकडे नीट पोचत नाही. पाय वळायला लागलाय हे कळेपर्यंत तो वळलेला असतो. मी "बघून चाल" म्हणायचो. डोळ्यांनी बघून काय होणार होतं? जे लिगामेंटनं करायचं ते पोटरीच्या बाहेरच्या बाजूचे स्नायू दिवसभर ओढून धरतात, म्हणून संध्याकाळी तुला कळा येतात. नुसतं रांगेत उभं राहूनही तू का दमतेस, ते मला तेव्हा समजलं.

बेअरिंग आम्ही बदलतो. इथं तसं बदलायचं काही नाही, आजूबाजूचं मजबूत करायचं. म्हणून ते एका पायावर उभं राहणं, रबरी पट्टा लावून पाऊल बाहेर ढकलणं, टाचा उचलणं. गेल्या वर्षभरात तू ते केलंस आणि फरक मी मोजलाय. तू विचारत होतीस ना, पप्पा माझे जुने बूट का ठेवतात? टाचेची बाहेरची कड मी व्हर्निअरनं मोजतो. आधीच्या जोडीत डावी टाच उजवीपेक्षा ३ मिलिमीटर जास्त झिजली होती. तितकेच महिने वापरलेल्या या जोडीत १ मिलिमीटर. तुझ्यासमोर मोजलं असतं तर चिडली असतीस.

तिथं गेल्यावर व्यायाम सोडू नकोस. आठवड्यातून एकदा तासभर करण्यापेक्षा रोज दहा मिनिटं कर. डोळे मिटून एका पायावर उभी राहशील तेव्हा भिंतीला हात लागेल अशी उभी राहा. मैत्रिणींना अंगठा वाकवून दाखवायची हौस येईल, ती करू नकोस. नाडीचे, टाचेला घट्ट धरणारे बूटच घाल. खूप चालायचं असेल तर घोट्याचा बेल्ट बांध. मुरगळलाच तर फडक्यात गुंडाळून बर्फ, पट्टी, पाय उशीवर, आणि दोन-तीन दिवसांत सोसेल तसं हलवायला सुरुवात. पंधरा-पंधरा दिवस गादीवर पडून राहिलीस तर स्नायू आणखी ढिले पडतील. एक्स-रे काढायचा की नाही याचा ठोकताळा मॅडमनी सांगितला होता, तो कॅनडातल्या ओटावाच्या डॉक्टरांनी १९९२ मध्ये मांडलाय. चार पावलंही टाकता येत नसतील, किंवा घोट्याच्या दोन्ही बाजूंच्या हाडाची मागची कड अथवा टोक दाबल्यावर दुखत असेल, तर लगेच दवाखाना. करंगळीच्या रेषेत पावलाच्या मधोमध जे हाड बाहेर लागतं तिथं, किंवा आतल्या बाजूला कमानीच्या वर दुखलं, तरीही. रिकाम्या पोटी वेदनेची गोळी घेऊ नकोस. मेसचं जेवण आवडलं नाही म्हणून उपाशी राहशील आणि वर गोळी घेशील, मी ओळखतो तुला.

पण मला खरं बोलायचंय ते वेगळंच. तुझं दुखणं रोज सारखं नसतं. सोमवारी तू तीन जिने चढशील आणि मंगळवारी तुला बादली उचलून बाथरूमपर्यंत जाता येणार नाही. बघणारे म्हणतील, काल तर ठणठणीत होती. पायाला प्लास्टर नाही, हातात काठी नाही, वय अठरा. विश्वास ठेवणं त्यांना अवघड जाईल. तुझ्या सख्ख्या बापाला सहा वर्षं लागली. तू मात्र त्यांना पटावं म्हणून मंगळवारीही जिने चढू नकोस. धुमाळ पॉइंटला नाडी आवळून परत रांगेत गेलीस, त्याचे तुला पुढं दोन महिने मोजावे लागले.

आत्या म्हणाली होती, हे बाहेर कुठं बोलू नका, उद्या लग्नाच्या वेळी अडचण येईल. तू दारात उभी होतीस. मी तेव्हा तिला काहीच बोललो नाही. काल मी तिला फोन केला आणि सांगितलं की माझ्या मुलीच्या पायाबद्दल कुजबुजून बोलायचं नाही. जे आहे ते माझ्या आईकडून माझ्यात आणि माझ्याकडून तिच्यात आलंय. कुणाला विचारायचं असेल तर मला विचारावं. तिला वाईट वाटलं असेल, वाटू दे.

ढोल सोडू नकोस असंच मी म्हणेन. पुण्यात पथकांना तोटा नाही. फक्त पहिल्याच सरावाला प्रमुखांना सांग की मी सलग दोन तास उभी राहू शकत नाही, मधे बसेन. सांगायला जीभ जड होईल. एकदा मम्मीसमोर बोलून बघ, मग बाहेर जमेल.

होस्टेलची खोली तिसऱ्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट नाही, हे मी सकाळी फोनवर विचारून घेतलं होतं. तळमजल्याच्या खोलीसाठी अर्ज लिहून ठेवलाय, त्याला डॉक्टरांच्या कागदाची झेरॉक्स जोडली आहे. सकाळी तुला न विचारता फोन लावला ती माझी चूक. निर्णय तुझा पाय करेल आणि तू करशील, मी नाही. अर्ज तुझ्या निळ्या फाइलमध्ये दहावीच्या मार्कशीटच्या मागं आहे. तारखेची आणि सहीची जागा कोरी सोडली आहे. पेन फाइलच्या खिशाला लावलंय.

गुरुवारी सकाळी सहाची बस. बॅगा मी उचलेन.

तुझा,
पप्पा