‘रन’चा पसारा आणि आपले कोश

संपादक महोदय,

इंग्रजीत सर्वाधिक अर्थांचे क्रियापद कोणते, या प्रश्नाला आजही अनेक जण ‘सेट’ असे उत्तर देतात. ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीच्या १९८९ मधील वीस खंडांच्या दुसऱ्या आवृत्तीपुरते ते खरे होते. मात्र तिसऱ्या आवृत्तीसाठी नोंदी नव्याने तपासल्या जात असताना ‘रन’ने त्याला मागे टाकले आणि कोशकार पीटर गिलिव्हर यांनी या एकाच क्रियापदाच्या ६४५ अर्थच्छटा वेगळ्या केल्या. माणूस धावतो, नदी वाहते, यंत्र चालते, नाक गळते, कपड्याचा रंग जातो, उमेदवार निवडणूक लढवतो; मराठीला दर वेळी निराळे क्रियापद लागते तिथे इंग्रजीचे ‘रन’वर भागते. यंत्रांनी आणि पुढे संगणकाने हा पसारा वाढवला, हे उघड आहे. (आपले ‘लागणे’ही काही कमी नाही: भूक, आग, ठेच, नोकरी, डोळा, वेड, सारे लागतेच.) इंग्रजी-मराठी कोशांनी म्हणूनच पर्यायांची नुसती रांग न लावता प्रत्येक अर्थासोबत एक छोटे वाक्य द्यावे, कारण ‘धावणे, वाहणे, चालणे’ एवढे वाचून कोणता पर्याय कुठे घ्यावा, हे विद्यार्थ्याला उमगत नाही.

आपला,
एक वाचक