फांदी तोडण्याआधी एकदा वर बघा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

५ ते १२ नोव्हेंबर हा आठवडा आपल्या राज्यात पक्षी सप्ताह म्हणून पाळतात. ५ तारीख वनलेखक मारुती चितमपल्लींच्या जन्माची, १२ तारीख पक्षीतज्ज्ञ डॉ. सलीम अलींच्या. या आठवड्यात पेपरात पक्ष्यांचे फोटो येतात, शाळांच्या सहली भिगवणला जातात. पोरं पहिल्यांदा दुर्बिणीला डोळा लावतात तेव्हा त्यांचा चेहरा बघण्यासारखा असतो. झाडं कधी छाटावीत याबद्दल मला एक मागणं मांडायचंय आणि ते आत्ताच मांडायला हवं. पुढच्या जुलैत लिहून काही उपयोग नाही.

मी इंदापूर तालुक्यातला. एकतीस वर्षं पाटकरी म्हणून नोकरी केली. चारीला पाणी सोडायचं, दारं उघडायची-लावायची, कोणाची पाळी किती तास ते वहीत लिहायचं, हे काम. रात्री-अपरात्री भरावावरून चालताना माणसांपेक्षा पाखरांचीच सोबत जास्त. त्याच वहीच्या मागच्या पानांवर मी पाखरं लिहायला लागलो. पाण्याची वही साहेबांकडे जमा व्हायची, म्हणून पुढे पाखरांची वेगळी वही केली. पहिली नोंद १९९८ ची आहे: ‘२० सप्टेंबर, धोबी आला.’

आमच्या परसात धुण्याचा दगड आहे. त्याच्या भोवती कायम ओल असते आणि ओलीवर बारीक चिलटं घोंघावतात. दरवर्षी पितृपंधरवड्याच्या आगेमागे करडा धोबी तिथं उतरतो. पाठ राखाडी, पोट पिवळंधमक, आणि शेपूट अंगापेक्षा लांब वाटावी अशी. चिमणीसारखा तो उड्या मारत नाही, माणसासारखा एकेक पाय टाकत पळतो. थांबला की शेपूट खालीवर सुरू. चिलट उडालं की जागच्या जागी हातभर उसळतो, टिपतो आणि पुन्हा त्याच ओल्या कडेवर येऊन उभा राहतो. हा पक्षी हिमालयात आणि त्याच्या उत्तरेकडच्या मुलखात अंडी घालतो आणि थंडी काढायला आपल्याकडे येतो. माझ्या वहीत त्याची सगळ्यात लवकरची तारीख ९ सप्टेंबर आहे, सगळ्यात उशिराची २६. या सतरा दिवसांच्या बाहेर तो कधी गेला नाही. आमच्या घरच्यांना दगडावर धुणं आपटताना तो दिसला की त्या तिथूनच हाक मारतात, “अहो, पाहुणा आला, लिहून ठेवा.”

धोब्यानंतर थिरथिऱ्या. हा दसरा-कोजागिरीच्या सुमारास येतो. कुंपणाच्या तारेवर बसून शेपूट असा थरथरवतो की लांबूनही नाव चुकत नाही. भोरड्या मात्र सगळ्यांच्या आधी, ऑगस्ट संपता संपता हजर. त्यांच्याबद्दल शेतकऱ्याच्या मनात काय असतं ते मला ठाऊक आहे. ज्वारी हुरड्यात आली की मीही माळ्यावर उभा राहून गोफण फिरवलेली आहे. पण हाच पक्षी रानातले नाकतोडे आणि अळ्याही वेचून खातो, आणि फाल्गुनात पळस-पांगाऱ्याच्या फुलांवर बसला की त्याची पाठ गुलाबी दिसू लागते. एप्रिलमध्ये एक दिवस सकाळी आभाळ मोकळं दिसतं. भोरड्या मध्य आशियाच्या वाटेला लागलेल्या असतात.

उजनी धरणाचं विचाराल तर लोक मला फोन करतात, “रोहित (फ्लेमिंगो) कधी येणार?” मी सांगतो, कॅलेंडर बघू नका, धरणाची पातळी बघा. रोहित वाकडी चोच उलटी धरून चिखलातलं बारीकसारीक गाळून खातो. त्याला गुडघाभर पाणी आणि खाली गाळ लागतो. धरण काठोकाठ भरलेलं असलं तर गाळपेरीची काठची जमीन पाण्याखाली राहते आणि त्या साली रोहित उशिरा उतरतात. पाणी ओसरून काठ उघडे पडायला लागले की थवे येतात. पळसदेवचं जुनं देऊळ पाण्यातून वर येईपर्यंत काही साली ते थांबलेले मी पाहिले आहेत. म्हणजे पाण्याचं आवर्तन फक्त उसासाठी नसतं. नोकरीत असताना हे मला कोणी सांगितलं नव्हतं, पाखरांनीच दाखवलं.

मग उन्हाळा. पावशा ‘पेरते व्हा’ म्हणून जीव खातो. मृगाच्या तोंडावर चातक येतो, काळा-पांढरा, डोक्यावर शेंडी. तो पावसाचा थेंबच पितो असं आपण लहानपणी ऐकलं. मी त्याला बाभळीवर केसाळ सुरवंट खाताना पाहिलंय. आणि अंडी तो सातभाईच्या घरट्यात घालतो, हेही पाहिलंय.

आता ज्यासाठी हे पत्र लिहितोय त्याकडे येतो.

आमच्या गावात आठवडी बाजार भरतो त्या जागी एक मोठी चिंच आहे. दरवर्षी पावसाच्या सुरुवातीला गायबगळे आणि त्यांचेच भाईबंद वंचक तिच्यावर घरटी करतात. चितमपल्लींच्या लेखनातून मला अशा वस्तीसाठी ‘सारंगागार’ हा शब्द मिळाला आणि तेव्हापासून त्या चिंचेला मी तेच म्हणतो. वीण आली की गायबगळ्याचं डोकं आणि मान केशरी होते. एरवी मळकट दिसणाऱ्या वंचकाची पाठ तांबूस-काळपट होऊन चमकायला लागते. यंदा १४ जूनला पहिली काटकी वर गेली. पालखी पुढं गेली तेव्हा बगळे अंड्यांवर बसले होते. १३ जुलैला वरून पिलांची कटकट ऐकू आली. मी खालून घरटी मोजली, २३ भरली.

१९ जुलैला सकाळी बाजाराच्या जागेवर करवतीचा आवाज आला. फांद्या तारांना लागतात आणि खाली घाण पडते, म्हणून छाटायला सांगितलं होतं. कोणी सांगितलं, कोणी छाटली, त्यात मला शिरायचं नाही. माणसं कामाला आलेली होती, त्यांना कोणी वर बघायला सांगितलं नव्हतं. मी आणि नात पोचलो तेव्हा अर्धी चिंच खाली होती.

गायबगळ्याचं पिलू तुम्ही हातात घेतलंय का? अंगावर पांढरी विरळ लव, खाली हिरवट कातडी दिसते, मान सुतळीसारखी आणि पोट टम्म. घाबरलं की खाल्लेलं सगळं ओकून टाकतं. नातीच्या ओंजळीत एका पिलाने अर्धवट पचलेले नाकतोडे ओकले. ती रडत होती, पण हात काढला नाही. पडलेली पिलं मोजली तर ३४. त्यातली १९ जिवंत. शेजारच्या पोरांनी घरून पाट्या आणल्या. आम्ही त्यात बाभळीच्या काटक्या अंथरल्या, उरलेल्या फांद्यांवर आणि शेजारच्या लिंबावर त्या दोरीने बांधल्या आणि पिलं आत ठेवली. दिवसभर मोठे बगळे वर घिरट्या घालत होते. संध्याकाळी एक उतरला, मग दुसरा. तरी सगळ्या पाट्यांवर ते आले नाहीत. ऑगस्ट संपेपर्यंत ७ पिलं उडून गेली. बाकीची १२ राहिली नाहीत.

बाजारातल्या भाजीवाल्या बायकांचं म्हणणंही मी ऐकलं. मेथीच्या जुडीवर वरून विष्ठा पडली तर ती कोण घेणार? पावसात वास मारतो तो वेगळाच. हा त्रास खरा आहे आणि तो त्यांनी का सोसावा? पण घरट्यांचे दिवस वर्षातून तीनच महिने असतात. तेवढ्यापुरती वर ताडपत्री ताणली किंवा चार पाल पलीकडे सरकवली तर दोघांचंही भागतं.

आणि फांद्या छाटू नका असं माझं म्हणणं नाही. एकतीस वर्षं भरावावर काढली आहेत, तारेवर पडलेली फांदी काय करते ते मी पाहिलंय. माझं मागणं वेळेचं आहे. मार्गशीर्ष-पौषात छाटा. तेव्हा बगळ्यांची पिलं उडून गेलेली असतात, कावळ्यांची घरटी रिकामी असतात, बहुतेक पाखरांची वीण उरकलेली असते. फक्त ढोली असलेलं खोड असेल तर तिथं हात लावू नका. घुबडं आणि पोपट थंडीच्या दिवसांतच ढोलीत अंडी घालतात. जून ते सप्टेंबर करवत बंद ठेवा. वादळात तारेवर फांदी आलीच तर तेवढीच काढा, आख्खं झाड बोडकं करू नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीच्या व्याख्येतच पक्ष्यांची अंडी आणि घरटी उद्ध्वस्त करणं येतं. हे छाटणीचा हुकूम देणाऱ्यालाही माहीत असायला हवं आणि करवत धरणाऱ्यालाही.

वाचकांना एक विनंती. दुर्बीण नसली तरी चालेल, एक वही घ्या. तुमच्या परसात, गच्चीवर, बाल्कनीत धोबी कधी आला, थिरथिऱ्या कधी गेला, कोणत्या झाडावर काटक्या जायला लागल्या, एवढंच तारखेसह लिहा. फेब्रुवारीत चार दिवस जगभरातले लोक आपल्या अंगणातले पक्षी मोजतात, भारतातही २०१३ पासून मोजतात. माझ्या नोंदी नात फोनवरून ‘ई-बर्ड’ या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर चढवते. चिंच वाचवायला मला माझ्या वहीचाच आधार झाला. “इथं जुलैत पिलं असतात” असं नुसतं बोललो असतो तर कोणी ऐकलं नसतं. वीस वर्षांच्या तारखा समोर ठेवल्या तेव्हा बैठकीत पानं उलटून बघितली गेली.

बाजार भरवणाऱ्यांशी बोलणं झालंय. पुढच्या जूनमध्ये ताडपत्री लागणार, तिचे पैसे आम्ही चार निवृत्त मंडळी घालणार आहोत. तारांकडच्या तीन फांद्या काढाव्याच लागतील. त्या डिसेंबरात काढायचं ठरलंय आणि कोणत्या काढायच्या त्यांना मी काल चुन्याने खूण करून आलो.

आपला,
एक निवृत्त पाटकरी
इंदापूर तालुका, जि. पुणे