हळदीच्या धुळीपुढे सर्जिकल मास्क तोकडा

सांगलीतील हळद गिरण्यांच्या कामगारांना सर्जिकल मास्क वाटल्याचे वृत्त वाचले. हेतू चांगला, वस्तू चुकीची. हा मास्क गालांशी सैल राहतो. हवा गाळली न जाता फटीतून आत शिरते. नाकाखाली पिवळी रेघ उमटते ती त्यामुळेच. रुमालाचे तर बोलायलाच नको. धुळीसाठी एन९५ किंवा आयएस ९४७३ या भारतीय मानकाचा एफएफपी२ मास्क द्यावा. एन९५ची गाळणी ०.३ मायक्रॉनचे, म्हणजे अतिसूक्ष्म, किमान ९५ टक्के कण अडवते, पण कडा चेहऱ्याला घट्ट टेकल्या तरच. दाढीवर त्या टेकत नाहीत. नाकावरची पत्ती दोन्ही हातांनी दाबून जोरात श्वास सोडावा. डोळ्यांकडे वारा लागला तर मास्क पुन्हा बसवावा. तो धुऊ मात्र नये, तंतूंवरचा, कण खेचून धरणारा विद्युतभार जातो. श्वास घेणे जड झाले की नवा घ्यावा.

– एक वाचक, सांगली